चहा बघणाऱ्या वनमालाबाई

आपल्या ग्राहक भांडाराला यंदा, १९८९ साली, पंचवीस वर्षं पूर्ण होत आहेत. स्मरणिकेसाठी जुन्या नोकरांनी आठवणी लिहून द्याव्यात, असं पत्र मलाही आलं. मी बावीस वर्षं इथे कारकुनी केली, पण मालाच्या नोंदींपलीकडे कधी काही लिहिलं नाही. पत्र आठ दिवस टेबलावर पडून होतं. शेवटी माझी बहीण जयंती म्हणाली, "दादा, दुसरं काही सुचत नसेल तर वनमालाबाईंबद्दल लिही. नाही तरी तू त्यांच्याबद्दलच बोलत असतोस."

"मी कुठे बोलतो?"

"चहा पुढ्यात आला की बोलतोस."

तेव्हा वनमालाबाईंबद्दल लिहितो. जमेल तसं लिहितो. चुकलं तर संपादकांनी सुधारून घ्यावं.

वनमाला मेस्त्री आपल्या भांडारात १९७६ पासून १९८४ च्या दिवाळीपर्यंत होत्या. काम पॅकिंगचं. मागच्या खोलीत बसून डाळी, रवा, पोहे आणि चहा तोलायचा आणि पिशव्यांत भरायचा. उंचीला कमी, अंगानं बारीक, नाकावर घसरणारा चष्मा, आणि पदर कमरेला इतका घट्ट खोचलेला की दिवसभरात तो सुटलेला मी पाहिला नाही. लग्नानंतर चार वर्षांत नवरा वारला, मूलबाळ नव्हतं. घाटकोपरला भटवाडीत धाकट्या भावाच्या, सहदेवच्या खोलीत राहायच्या. सहदेवची बायको आणि आई गावाला, कणकवलीजवळ. सहदेव कापडगिरणीत साच्यांवर, म्हणजे मागांवर, कामाला होता. एवढी माहिती नोकरांच्या रजिस्टरातही सापडेल. बाकीची सापडणार नाही.

नव्या सभासदांना ठाऊक नसेल म्हणून सांगतो. १९८० च्या आधी आपलं भांडार म्हणजे एक लांब लाकडी फळी आणि फळीमागे उभे असलेले आम्ही. चहा पेटीतून सुटा विकला जायचा. गिऱ्हाईक चिमूटभर पूड तळहातावर घ्यायचं, तिला तोंडाची वाफ द्यायचं, हुंगायचं आणि मग म्हणायचं, "पाव किलो द्या," किंवा "राहू दे आज." ऐंशी साली फळी गेली, लोखंडी मांडण्या आल्या. लोक हातात टोपली घेऊन स्वतःच फिरायला लागले. मुलुंडला तेव्हा त्याचं नवल होतं, नवघर रस्त्यावरून लोक नुसते बघायला यायचे. चहाही प्लास्टिकच्या बंद पिशवीत गेला. त्याचा दाणा दिसायचा, पण वास घेता यायचा नाही.

त्या वर्षीच्या सर्वसाधारण सभेत काशीराम वैद्य नावाचे एक वयस्कर सभासद उभे राहिले. ते म्हणाले, "सगळं झकास केलंत. पण तुम्ही आमचं नाक काढून घेतलंत. पूर्वी मी माझा चहा हुंगून घ्यायचो. आता माझ्या वतीनं कोण हुंगतं?"

लोक हसले. पण आपले मानद चिटणीस भाऊराव गंभीर झाले. तेव्हा वर्तमानपत्रांत भेसळीच्या बातम्या सारख्या यायच्या. हॉटेलांतला उकळून झालेला चोथा गोळा करून, वाळवून, रंग लावून पुन्हा विकतात, असं छापून यायचं. भाऊरावांनी तिथल्या तिथे ठराव मांडला. चहाची प्रत्येक पेटी भरण्याआधी दोन नोकरांनी तपासावी आणि रजिस्टरात दोघांनी सही करावी.

वनमालाबाईंचं नाव आधीच ठरलेलं होतं. त्यांनी कुणी न सांगताच एकदा एक पेटी बाजूला काढून ठेवली होती. "ही साबणांशेजारी होती. चहाला साबणाची संगत झालीय," एवढंच म्हणाल्या होत्या, आणि ते खरं निघालं होतं. दुसरं नाव माझं पुकारलं गेलं, माझं अक्षर बरं म्हणून.

मी उभा राहिलो. मला सांगायचं होतं की १९७३ साली माझ्या नाकाचं ऑपरेशन झालं आणि तेव्हापासून मला कशाचाच वास येत नाही. चहा मला फक्त गरम, गोड आणि कडू एवढाच कळतो. पण तेवढ्यात टाळ्या वाजल्या, भाऊराव पुढच्या विषयाकडे वळले, आणि मी खाली बसलो. नंतर सांगू म्हटलं. नंतर चार वर्षं गेली.

चहा आला की सकाळी साडेदहाला आमचं काम सुरू व्हायचं. मागच्या खोलीत खिडकीशी एक टेबल होतं. खिडकीबाहेर चिंचेचं झाड. वनमालाबाई पेटीचं झाकण उघडून आतला चांदीचा कागद बाजूला करायच्या आणि वरची पूड घ्यायच्या नाहीत. कोपरापर्यंत हात घालून तळातली मूठ काढायच्या. "वरचा चहा दाखवायचा असतो," म्हणायच्या. त्या पुडीवरून कागदात गुंडाळलेलं लोहचुंबक फिरवायचं, लोखंडाचा कीस असला तर चिकटतो. मग टीपकागद ओला करून त्यावर पूड पसरायची आणि थोड्या वेळानं झटकायची. चांगल्या चहाचा कागदावर फिकट ओलावा उरतो, रंगवलेल्या चहाचे तांबडे-पिवळे ठिपके उरतात. मग थंड पाण्याच्या पेल्यात चिमूटभर टाकायची. चांगली पूड वर तरंगत राहते आणि पाणी बराच वेळ पाणीच राहतं. रंगवलेली असली की लगेच तांबड्या रेघा तळाकडे उतरायला लागतात.

या तीन गोष्टी कुणालाही जमतील, सभासदांनी घरी जरूर करून बघाव्यात. चौथी गोष्ट वनमालाबाईंची होती. त्या कोरा चहा करायच्या. दूध नाही, साखर नाही. दोन पांढऱ्या बशांत ओतायच्या आणि पहिली बशी माझ्याकडे सरकवायच्या.

"दूध नको का थोडं?" मी पहिल्या दिवशी विचारलं होतं.

"दुधात चहा लपतो, दाबके. दूध घातलं की सगळेच चहा शहाणे. आमच्या गावाला दूध पाहुण्यापुरतं. आम्ही लहानपणापासून चहाचं तोंड उघडंच बघितलंय."

मी घोट घ्यायचो. गरम आणि कडू लागायचा.

"काय म्हणता?"

"बरा वाटतो."

"नुसता बरा?"

मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघायचो. चहा चांगला असला की घोट गिळल्यावर त्या क्षणभर खिडकीबाहेर बघायच्या, चिंचेच्याही पलीकडे, जणू कुणी लांबून हाक मारली आहे. मग "हं" म्हणायच्या. मध्यम असला की चष्मा वर सरकवायच्या. वाईट असला की दातांत दोरा धरल्यासारखे त्यांचे ओठ आत जायचे. महिन्याभरात मी हे सगळं शिकलो आणि त्यावरून लिहायला लागलो. वास उत्तम. वास साधारण. वास नापसंत. खाली दोघांच्या सह्या. प्रत्येक पिशवीत 'तपासला' अशी चिठ्ठी जायची आणि तिच्यावर त्या पेन्सिलीनं 'व' काढायच्या. पुढेपुढे बायका मांडणीवरची पिशवी उलटसुलट करून तो 'व' शोधायच्या. माझी सही फक्त रजिस्टरात असायची, आणि ते बरंच होतं.

मी फसवत होतो, हे मला कळत होतं. पण एक सांगतो, चार वर्षांत रजिस्टरात माझी एकही चुकीची नोंद राहिली नाही.

शेवटी चोथा बघायचा. उकळलेली पूड बशीत पसरून त्या बोटानं एकेक दाणा सोडवायच्या. "हे बघा, पान उलगडलं. एकदाच उलगडतं ते. आधी कुठे उलगडून आलं असेल तर इथे नुसतं चिखलासारखं बसतं." त्यांचं बोलणं तसं थोडंच. पण चोथा बघताना त्या बोलायच्या. गावचं सांगायच्या, विहिरीचं, आईच्या गुडघ्यांचं. मी ऐकायचो. दहा-पंधरा मिनिटांचं काम असेल. सोमवार आणि गुरुवार चहा यायचा. मला ते दोन वार अजून वेगळे वाटतात.

१९८२ साली गिरण्यांचा संप झाला. सहदेवची गिरणी बंद पडली ती पडलीच. दोन वर्षं तो मिळेल ते करत होता, कधी रंगकाम, कधी हमाली. बाई त्याबद्दल बोलत नसत. मग ८४ च्या जूनमध्ये एका सोमवारी त्यांनी खोबऱ्याच्या वड्या आणल्या.

"सहदेव कामाला लागला. मानखुर्दच्या बाजूला. चहाचं गोदाम आहे म्हणे, पत्ती वाळवायची, पोती भरायची. रोज जायचं काम आहे, दाबके. रोजचं."

"वा. म्हणजे आता तुमचं सगळं घर चहात."

"तेच म्हणाला तो. म्हणाला, तू वरच्या मजल्यावर चहा बघ, मी तळमजल्यावर पोती बघतो."

इतकं हसताना मी त्यांना तेव्हाच पाहिलं. महिना गेला. एके दिवशी चोथा बघताबघता त्यांनी विचारलं, "चहाचा डाग काढायला काय लावावं हो?"

"लिंबू लावा."

"लिंबू झालं, मीठ झालं. रोज सहदेवचा शर्ट भिजत घातला की बादली तांबडी होते. आणि हातसुद्धा. तळहाताच्या रेघा रंगल्यात त्याच्या, सालं निघतात." मग त्यांनी बशीतला चोथा तसाच ठेवला. "चहाचा डाग बसून राहतो. गार पाण्यात असा सुटत नाही तो."

मी हूं म्हटलं आणि रजिस्टर मिटलं. माझ्या तेव्हा काही लक्षात आलं नाही.

ऑगस्टच्या अखेरीला गणपती होते. गणपतीत घराघरांत चहाला हिशेब नसतो, आणि नेमका त्याच वेळी आमच्या नेहमीच्या व्यापाऱ्याचा माल अडकला. भाऊरावांनी धावपळ करून एका नव्या व्यापाऱ्याकडून सहा पेट्या आणल्या. मांडण्या रिकाम्या होत्या. गुरुवारी सकाळी भाऊराव स्वतः मागच्या खोलीत येऊन म्हणाले, "लवकर आटपा. दुपारपर्यंत पिशव्या बाहेर दिसल्या पाहिजेत."

ते गेल्यावर बाईंनी पहिली पेटी उघडली. हात आत घातला. कोपरापर्यंत घातलेला हात तसाच राहिला.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही."

त्यांनी मूठ बाहेर काढली, नाकाशी नेली आणि लगेच खाली घेतली. मग त्यांनी टीपकागद घेतला नाही. पाण्याचा पेला घेतला नाही. सरळ चहा ठेवला. दोन बशा भरल्या. पहिली माझ्याकडे सरकवली, पण नेहमीसारखी टेबलाच्या काठापर्यंत नाही, मध्येच सोडून दिली. दुसरी ओठांना लावली.

"चांगला आहे. लिहा," त्या म्हणाल्या.

मी रजिस्टर उघडलं, तारीख घातली आणि नेहमीप्रमाणे वर बघितलं. त्या खिडकीबाहेर बघत नव्हत्या, चष्मा वर सरकवत नव्हत्या. ओठही आत गेले नव्हते. चेहरा पुसून ठेवलेल्या पाटीसारखा होता. चार वर्षांत पहिल्यांदाच मला तिथे काही वाचता येईना.

"लिहा ना, दाबके. भाऊराव येतील."

मी पेन खाली ठेवलं. मी शूर माणूस नाही. पेन खाली ठेवलं कारण मला खरोखरच काय लिहावं ते कळत नव्हतं.

"मला वास येत नाही," मी म्हणालो.

"ठाऊक आहे मला."

"नाही, तसं नाही. मला कधीच येत नाही. अकरा वर्षं झाली. ऑपरेशननंतर..."

"ठाऊक आहे म्हटलं ना. दुसऱ्या महिन्यात कळलं. पुडी दोन दिवस डांबरगोळ्यांच्या डब्यात ठेवून तुम्हाला चहा दिला होता आणि वर 'हं' म्हटलं होतं. तुम्ही लिहिलंत, वास उत्तम. मी पान बदलून घेतलं तुमच्याकडून, शाई सांडली म्हणून. आठवतं?"

शाई सांडल्याचं मला आठवलं.

"मग भाऊरावांना सांगितलं का नाहीत?"

"सांगून काय करायचं होतं? त्यांनी दुसरं कुणी आणून बसवलं असतं इथे."

मग मी म्हणालो, "मी कसा लिहितो, तेही ठाऊक असेल मग."

त्यांनी मान हलवली. "माझ्याकडे बघून."

"आज मला लिहिता येत नाही, वनमालाबाई."

बाहेर मांडण्यांकडून कुणीतरी विचारत होतं, चहा कधी लागणार. बाईंनी चष्मा काढला, पदरानं पुसला आणि पुन्हा घातला नाही. चष्म्याशिवाय त्या फार दमलेल्या दिसल्या.

"हा आमच्या घरातला वास आहे," त्या म्हणाल्या. "सहदेवच्या शर्टाचा. दोन महिने मी रोज धुतेय. मला वाटत होतं, पोत्यांचा असेल, गोदामाचा असेल. वाटत होतं म्हणजे, वाटून घेत होते." त्यांनी पेटीवर हात ठेवला. "हे त्यानं भरलंय, दाबके. त्यानं नाहीतर त्याच्या शेजारच्यानं. हॉटेलातला चोथा आहे हा. ही पेटी परत गेली की मागून तपासणीची माणसं जाणार, मानखुर्दची ती शेड बंद होणार. दोन वर्षांनी तो सकाळचा डबा घेऊन घराबाहेर पडायला लागलाय."

मला सांगता आलं असतं, लिहितो, वास उत्तम. ते म्हणवलं नाही. नका पाठवू असंही नाही, पाठवा असंही नाही. मी बशीकडे बघत बसलो.

बऱ्याच वेळानं त्या उठल्या. पेल्यात थंड पाणी घेतलं, चिमूटभर पूड टाकली आणि पेला खिडकीत उजेडाला धरला. तांबड्या रेघा तळाकडे उतरायला लागल्या.

"त्याचे हात बघितलेत का तुम्ही? नाही बघितलेत," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "हाताचं हे करतो तो रंग, पोटात काय करेल."

मग त्यांचे ओठ आत गेले. दातांत दोरा धरल्यासारखे.

मी लिहिलं. वास नापसंत. दोघांनी सह्या केल्या.

भाऊराव आले, ते पेला बघून खूश झाले. "रंग काय सुरेख येतोय, बाई. लोकांना रंगच लागतो."

"थंड पाण्यात येतोय, भाऊराव. पानाला एवढी घाई नसते."

"अहो गणपती तोंडावर आलेत. जरा तरी..."

"पिशव्या तुम्हाला भरायच्या असतील तर भरा. माझा 'व' त्यांच्यात मिळणार नाही."

भाऊराव माझ्याकडे वळले. "दाबके, तुमचं काय म्हणणं?"

"बाई म्हणतात तेच," मी म्हणालो. तसं मी नेहमीच म्हणत आलो होतो, पण त्या दिवशी ते बाईंकडे न बघता म्हणालो. भाऊरावांबद्दल एक सांगितलं पाहिजे, त्यांनी रजिस्टरातली नोंद वाचली आणि पुढे एक शब्द बोलले नाहीत. पेट्या परत गेल्या, नमुना तपासायला गेला. गणपतीत भांडारात चहा नव्हता आणि लोकांनी आम्हाला भरपूर ऐकवलं. महिन्याभरानं अहवाल आला. वापरलेली पानं, वर रंग. तोवर मानखुर्दच्या शेडला कुलूप लागलं होतं. ते कुणाच्या नाकामुळे लागलं हे भांडारात मला आणि बाईंनाच ठाऊक होतं. घरी त्यांनी सहदेवला त्याच संध्याकाळी सांगितलं होतं.

सहदेव एकदा त्यांना न्यायला भांडारात आला, तेव्हा मी त्याला पहिल्यांदा पाहिलं. उंच, खांदे पडलेले. बहिणीसारखंच कमी बोलणारा. त्यानं मला नमस्कार केला, तेव्हा तळहात दिसले. रेघा अजून तांबड्या होत्या.

"तुम्ही दाबके. ही सांगते तुमचं," तो म्हणाला. मग बहिणीकडे बघून म्हणाला, "हिच्या नाकान माका घराक धाडल्यान बघा."

"घराकच ना?" बाई म्हणाल्या. "खंय लांब नाय."

तो हसला. त्याच्या मनात राग असावा, पण मला दिसला नाही. बाईंच्या चेहऱ्यावरून नजर मात्र मला काढावी लागली.

तो गावी परत जायचं ठरवून आला होता. खोली सोडणार होता. बाई मागे राहिल्या असत्या तर कुठेतरी सोय झाली असती. जयंतीनं दोनदा मला विचारलंही, "त्यांना आपल्याकडे खालची खोली बघायला सांग ना, दादा. रिकामीच आहे." मी म्हटलं, सांगतो. सोमवार आला, गुरुवार आला. चहा आला, बशा भरल्या. मी सांगितलं नाही. वाटायचं, आपण कोण सांगणारे. वाटायचं, त्याचं काम आपल्या पेन खाली ठेवण्यानं गेलं, आता वर आपणच खोली दाखवायची, हे कसं दिसेल. मी कारणं पुष्कळ काढली.

दिवाळी झाल्यावर त्यांनी राजीनाम्याचा कागद आणून दिला. नोकरांच्या रजिस्टरात शेवटचा रकाना असतो, काम सोडण्याचं कारण. तो मीच भरायचो. सगळ्यांचं जे लिहायचो तेच लिहिलं. स्वखुशीने. मग रजिस्टर सहीसाठी त्यांच्याकडे फिरवलं.

त्यांनी चष्मा वर सरकवून तो रकाना वाचला. पुन्हा वाचला.

"हे तरी चेहरा बघून लिहायचं होतं, दाबके," त्या म्हणाल्या.

माझ्या हातात पेन होतं. मी वर बघितलं तेव्हा त्या रजिस्टराकडे बघत होत्या.

"खोडू का?" मी विचारलं.

"रजिस्टरात खोडाखोड चालत नाही. तुम्हीच सांगता सगळ्यांना."

आणि त्यांनी सही केली.

त्यानंतर चहा बघायला दुसऱ्या एक बाई बसल्या. चांगल्या होत्या, टीपकागद व्यवस्थित करायच्या. मी भाऊरावांना माझ्या नाकाबद्दल सांगितलं आणि सहीचं काम सोडलं. ते म्हणाले, "अहो पण तुमच्या नोंदी तर कधी चुकल्या नाहीत." मी म्हटलं, नाही चुकल्या. ८६ साली मी निवृत्त झालो. आता भांडारात कंपन्यांचे तयार पुडे येतात, मागच्या खोलीत चहाची पेटी उघडत नाही. पुडे बहुधा चांगलेच असतील. मी महिन्याला एक आणतो, घरी टीपकागद ओला करतो, पूड पसरतो, थंड पाण्याचा पेला खिडकीत धरतो. कागद स्वच्छ राहतो, पाणी पाणीच राहतं. मग जयंती विचारते, "कसा आहे रे?" मी म्हणतो, भेसळ नाही. ती म्हणते, "ते कळलं. कसा आहे?" ते मला सांगता येत नाही.

हे लिहिण्याआधी मी वनमालाबाईंना पत्र घातलं होतं. सहदेवबद्दल लिहावं लागेल, चालेल का, असं विचारलं होतं. पाच वर्षांतलं माझं पहिलंच पत्र. पंधरा दिवसांनी पोस्टकार्ड आलं. त्यातला मजकूर इथे देतो.

"लिहा. सहदेवची हरकत नाही. तो आता आंब्याच्या पेट्या करतो, हात बरे आहेत. आई गेल्या वर्षी गेली. डांबरगोळ्यांचंही लिहा, सगळं खरं लिहा. इथे चहा कणकवलीच्या बाजारातून येतो, मी अजून तळातून मूठ काढून बघूनच घेते. दुकानदार वैतागतो. सकाळी पहिली बशी ओतते तेव्हा ती कुणाकडे सरकवायची ते कळत नाही, मग मीच पिते. तुम्ही तिकडे आता काय बघून लिहिता, ते तुमच्या पत्रात नव्हतं."

खाली सही आहे. नुसता पेन्सिलीचा 'व'.

या पत्राला उत्तर द्यायचं राहिलं आहे. जयंतीनं कोरं पोस्टकार्ड आणून ठेवलं आहे. त्यावर आजची तारीख मी घातली आहे.